तुमचे प्रश्न : बटण दाबायच्या आधी एक्स-रे मशीन घरघरतं कशामुळे?

यावेळी आलेल्या प्रश्नांत एक्स-रेवरचेच जास्त निघाले, म्हणून सगळं सदर त्याच्यावरच घेतोय. एकतीस वर्षं मी एक्स-रे टेक्निशियन म्हणून काम केलंय, आधी डार्करूममध्ये फिल्म धुवायचा काळ, मग कॅसेटवाला सीआर, मग थेट स्क्रीनवर दिसणारा डीआर, सगळं हाताखालून गेलं. फोटो घ्यायची पद्धत पार बदलली, पण किरणं जिथे तयार होतात ती ट्यूब मात्र मुळात तीच राहिली. म्हणून पहिल्या प्रश्नाला जरा जास्त जागा देतो.

प्रश्न (बार्शी) : आई घसरून पडली म्हणून तिच्या कंबरेचा एक्स-रे काढायला नेलं होतं. टेक्निशियन 'हलू नका, श्वास रोखा' म्हणाले, मग मशीनच्या वरच्या डब्यातून एक-दोन सेकंद घर्रर्र आवाज आला, मग बारीकसं टुक् झालं आणि संपलं. एवढ्या वेळात आत काय झालं? आत रेडिओअ‍ॅक्टिव्ह काही ठेवलेलं असतं आणि त्याचं झाकण उघडतं, असं असतं का?

उत्तर : ताई, आधी शेवटचं सांगतो, कारण ही शंका खूप जणांना असते. नाही, आत रेडिओअ‍ॅक्टिव्ह काहीही नसतं. कॅन्सरच्या उपचाराला जे कोबाल्टचं मशीन वापरतात त्यात खरंच कोबाल्ट-६० ठेवलेला असतो, तो चोवीस तास किरणं सोडत असतो आणि उपचाराच्या वेळी तेवढी त्यांना बाहेर वाट करून देतात. एक्स-रे मशीनमध्ये किरणं साठवलेली नसतातच. ती त्या क्षणी विजेपासून बनतात आणि वीज तोडली की बनायची थांबतात.

आता त्या डब्याबद्दल. त्याला दोन जाड केबल आलेल्या असतात ते बघितलं असेल तुम्ही. डब्याच्या आत तेल भरलेलं असतं आणि तेलात एक ट्यूब बुडवलेली असते, काचेची, काही नव्या मशीनमध्ये धातूची. ट्यूबमधली हवा जवळजवळ सगळी काढून टाकलेली असते. एका टोकाला टंगस्टनच्या बारीक तारेचं फिलामेंट, समोर टंगस्टनची तबकडी, दोघांत अंतर फार तर दोन बोटांचं. मुख्य सामान म्हणाल तर एवढंच.

फिलामेंट म्हणजे जुन्या पिवळ्या बल्बमध्ये असायची तीच जातकुळी. त्यातून करंट गेला की ते २००० अंश सेल्सिअसच्या वर तापतं, आणि धातू इतका तापला की त्याच्यातले इलेक्ट्रॉन सुटून तारेभोवती ढगासारखे गोळा होतात. हे इलेक्ट्रॉन आपला कच्चा माल. त्यांनी इकडेतिकडे पांगू नये म्हणून फिलामेंट एका वाटीसारख्या खोबणीत बसवलेलं असतं, त्या वाटीवर ऋण भार असतो आणि इलेक्ट्रॉनही ऋणच, त्यामुळे ते कडेला न जाता मध्ये एकवटून राहतात. हवा काढलेली असते ती पण याच्यासाठीच, नाहीतर तार एका क्षणात जळून जाईल आणि जे इलेक्ट्रॉन निघतील ते वाटेतच हवेच्या रेणूंना धडकत बसतील.

तुम्ही ऐकलेला घर्रर्र आवाज तबकडीचा. टेक्निशियनच्या हातातलं बटण दोन टप्प्यांचं असतं, अर्धं दाबलं की फिलामेंट पूर्ण तापायला लागतं आणि त्याच वेळी तबकडी गरगर फिरायला लागते, मिनिटाला जवळपास ३००० फेऱ्या, मोठ्या मशीनमध्ये १०,००० पर्यंत. तिला तो वेग पकडायला जो सेकंद-दीड सेकंद लागतो तेवढाच तो आवाज, आणि त्याच वेळात आम्ही पेशंटला श्वास रोखायला सांगतो. मग बटण पूर्ण दाबायचं. टुक्.

त्या टुक् मध्ये काय होतं? कंबरेच्या एक्स-रेला समजा ८० केव्ही लावले, म्हणजे ८०,००० व्होल्ट. आपल्या घरातल्या प्लगला २३० असतात. फिलामेंटकडे ऋण आणि तबकडीकडे धन अशी ही एवढी ओढ लागली की तो इलेक्ट्रॉनचा ढग तबकडीकडे सुटतो, आणि दोन बोटांच्या त्या अंतरात त्यांचा वेग प्रकाशाच्या वेगाच्या निम्म्यावर जातो, सेकंदाला सुमारे दीड लाख किलोमीटर. इतकी वर्षं काम केलं तरी हा आकडा सांगताना मला अजून भारी वाटतं. तालुक्याच्या दवाखान्यातल्या त्या रंग उडालेल्या डब्यात पण हेच होत असतं.

आणि एवढ्या वेगाने आलेले इलेक्ट्रॉन टंगस्टनमध्ये घुसून एका मिलिमीटरच्या अगदी बारीक भागात थांबतात. थांबणं महत्त्वाचं आहे इथे. भरधाव एसटीचा ब्रेक करकचून लागला की गाडीची गती जाते पण ऊर्जा कुठे जात नाही, ब्रेक ड्रम तापून लाल होतो. इलेक्ट्रॉनचंही बऱ्याच अंशी असंच होतं, बहुतेक इलेक्ट्रॉन टंगस्टनच्या अणूंमधल्या बाहेरच्या इलेक्ट्रॉनशी धक्काबुक्की करत थोडी थोडी ऊर्जा गमावतात आणि तिची नुसती उष्णता होते. पण काही थोडे इलेक्ट्रॉन अणूच्या अगदी आतपर्यंत, केंद्रकाजवळ पोचतात. टंगस्टनच्या केंद्रकात ७४ प्रोटॉन, जबरदस्त धन भार, तो जवळून जाणाऱ्या इलेक्ट्रॉनला खेचतो, त्याची वाट वाकते, वेग एकदम मंदावतो, आणि जी ऊर्जा कमी झाली ती एका झटक्यात किरण होऊन बाहेर पडते. हाच एक्स-रे. जर्मन भाषेत याला ब्रेमश्ट्रालुंग म्हणतात, शब्दशः अर्थ ब्रेकचं किरण, आणि जगभर तोच शब्द चालतो.

किती जणांचं असं होतं? ऊर्जेच्या हिशोबाने शंभरातला एक भागही धड एक्स-रे होत नाही, ९९ भागांच्या वर उष्णताच. ट्यूब म्हणजे खरं तर मोठा हीटर आहे, आणि त्याच्यातून जाता जाता थोडे एक्स-रे निघतात. ट्यूबच्या आत जी काही करामत केलेली आहे ती बहुतेक सगळी या उष्णतेला तोंड द्यायला. आईंच्या कंबरेचा हिशोब करून बघा, ८० केव्ही आणि ४०० मिलिअँपिअर म्हणजे ३२ किलोवॅट, आपला घरातला गीझर साधारण २ किलोवॅटचा, म्हणजे १६ गीझरची ताकद ज्वारीच्या दाण्याएवढ्या जागेवर, जरी ती सेकंदाचा दहावा भागच असली तरी. टंगस्टन ३४०० अंशांच्या वर वितळतो, सगळ्या धातूंत जास्त, पण एकाच जागी एवढा मारा झाला तर तोही टिकत नाही. म्हणून तबकडी फिरवायची. भाकरी फिरवली नाही तर करपते, तेच. फिरत्या तबकडीवर मारा एका ठिपक्यावर न पडता अख्ख्या गोल पट्ट्यावर पसरतो आणि प्रत्येक जागेला निवायला पुढच्या फेरीपर्यंत वेळ मिळतो.

त्यातही एक गंमत बघा. तबकडी निर्वातात आहे, म्हणजे वाऱ्याने गार व्हायचा प्रश्नच नाही, ती स्वतः तापून निखाऱ्यासारखी चमकते आणि उष्णता प्रकाशासारखी फेकून बाहेरच्या तेलाला देते. आणि तिच्या बेअरिंगला तेल-ग्रीस लावता येत नाही, त्याची वाफ होऊन निर्वात बिघडेल, म्हणून तिथे चांदीचा मुलामा वापरतात. ज्यांनी हे शोधून काढलं त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे.

किरणं तबकडीतून सगळीकडे निघतात, पण डब्याला आतून शिसं लावलेलं असतं, ते बाकीची अडवतं आणि फक्त खालच्या खिडकीतून येतात तेवढीच पेशंटवर पडतात. त्या वाटेत अ‍ॅल्युमिनियमचा पातळ पत्रा असतो. त्याचं काम मोठं आहे. कमी ऊर्जेची जी किरणं शरीराच्या आरपार जाऊच शकत नाहीत, कातडीतच जिरली असती आणि फोटोला काडीचा उपयोग झाला नसता, ती हा पत्रा आधीच गाळून टाकतो. पुढचं तुम्हाला माहितीच आहे, हाडातल्या कॅल्शियममध्ये किरणं जास्त अडतात म्हणून हाड पांढरं दिसतं, फुप्फुसातल्या हवेतून सरळ जातात म्हणून तिथे काळं. आईंची तब्येत आता बरी असेल अशी आशा करतो.

प्रश्न (चिपळूण) : पोटुशा सुनेला घेऊन सोनोग्राफीला गेले होते, तिथे वेटिंगची जागा एक्स-रेच्या खोलीला लागूनच आहे. एक्स-रे काढून आलेला माणूस शेजारी बसला तर त्याच्या अंगातून किरणं येतात का? आणि रिकाम्या खोलीत किरणं मागे राहतात का?

उत्तर : काकू, दोन्हीचं उत्तर नाही. खोलीतला दिवा बंद केला की उजेड भिंतीत साठून राहत नाही, तसंच आहे हे. एक्स्पोजर संपलं की किरणं संपली, माणसाच्या अंगात काही उरत नाही, त्याच्याशेजारी बसा, त्याच्या मांडीवर बाळ द्या, काही होत नाही. काळजी घ्यायची ती फक्त बटण दाबलेलं असताना खोलीत कोण आहे याची. म्हणून दार लावून घेतात आणि वेळ आली तर पेशंटला धरणाऱ्या नातेवाइकाला शिशाचा अ‍ॅप्रन देतात. गरोदर बाईने मात्र पेशंटला धरायला आत थांबू नये, तिथे दुसऱ्या कुणाला तरी पुढे करा. आणि सुनेचाच एक्स-रे काढायची कधी वेळ आली तर दिवस गेलेत हे आधी स्वतःहून सांगायचं, विचारायची वाट बघायची नाही.

आपल्याकडे एक्स-रे मशीनला परवाना एईआरबीचा, म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळाचा लागतो, मुंबईत अणुशक्तीनगरला त्यांचं ऑफिस आहे, भिंतीची जाडी, दाराला शिसं, वर लाल दिवा हे सगळं त्यांच्या नियमात येतं. दारावरचा लाल दिवा लागलेला असताना दार ढकलू नका एवढंच लोकांना सांगा. साध्या छातीच्या एक्स-रेला साधारण ०.०२ मिलिसिव्हर्ट (किरणांचा डोस मोजायचं माप) डोस बसतो, आणि जमिनीतून, आकाशातून, खाण्यातून आपल्याला नुसतं जगताना जगाच्या सरासरीने वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट मिळतच असतो, म्हणजे तीन-चार दिवसांचा हिशोब. सीटी स्कॅनचा डोस त्याच्या कितीतरी पट असतो, त्याला एक्स-रेच्या मापाने मोजू नका.

प्रश्न (नांदेड, बारावी सायन्स) : एक्स-रे स्पेक्ट्रमच्या ग्राफमध्ये एक डोंगरासारखा आकार असतो आणि त्यावर मध्येच दोन उंच टोकं असतात. सर म्हणाले पाठ करून टाक. पण ती टोकं येतात कुठून?

उत्तर : पाठ करू नकोस, समजून घे, सोपं आहे. ग्राफ म्हणजे कुठल्या ऊर्जेची किरणं किती निघाली त्याचं चित्र, उजवीकडे जावं तशी ऊर्जा जास्त. डोंगर म्हणजे वर सांगितलेला ब्रेकचा प्रकार. कुठला इलेक्ट्रॉन केंद्रकाच्या किती जवळून जाईल, किती वेग गमावेल याला काही नियम नाही, कुणी थोडा गमावतो, कुणी बराच, एखादाच सगळाच्या सगळा, म्हणून सगळ्या ऊर्जांची किरणं निघतात आणि सलग डोंगर बनतो. पण डोंगराला उजवीकडे पक्की हद्द असते. ८० केव्ही लावले तर इलेक्ट्रॉनकडे ८० केईव्हीच (केईव्ही हे ऊर्जेचं माप) आहेत, त्याच्यापेक्षा जास्त ऊर्जेचा किरण तो देणार कुठून? खिशात ८० रुपये असले तर ८१ खर्च होत नाहीत. तुझ्या पुस्तकात कमीत कमी तरंगलांबीचं सूत्र आहे ना, १२.४ भागिले केव्ही बरोबर अँगस्ट्रॉम, ते हेच आहे, डुएन आणि हंट यांनी १९१५ मध्ये दाखवलेलं.

टोकांची गोष्ट वेगळी. काही इलेक्ट्रॉन टंगस्टनच्या अणूतला सगळ्यात आतल्या के कवचातला इलेक्ट्रॉन उडवून लावतात. आत जागा रिकामी झाली की वरच्या कवचातला इलेक्ट्रॉन खाली येऊन ती भरतो आणि दोन कवचांच्या ऊर्जेत जेवढा फरक तेवढ्याच ऊर्जेचं किरण सोडतो. हा फरक त्या धातूचा ठरलेला असतो. टंगस्टनमध्ये एल कवचातून आला तर ५९ केईव्हीच्या आसपास, एम मधून आला तर ६७ च्या आसपास, म्हणून बरोबर तिथेच टोकं. आणि आता हे बघ, के मधला इलेक्ट्रॉन काढायलाच ६९.५ केईव्ही लागतात. म्हणजे हाताचा एक्स-रे ५० केव्हीवर काढला तर ही टोकं येणारच नाहीत, नुसता डोंगर. परीक्षेत हा प्रश्न फिरवून विचारतात.

प्रत्येक धातूची टोकं वेगळी म्हणजे ती त्या मूलद्रव्याची सहीच झाली. हेन्री मोझली नावाच्या इंग्रज पोराने १९१३ मध्ये एकेक मूलद्रव्य घेऊन त्याची ही सही मोजली आणि अणुक्रमांक हा नुसता तक्त्यातला नंबर नसून केंद्रकातल्या भाराशी त्याचा थेट संबंध आहे हे दाखवून दिलं. पहिल्या महायुद्धात तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीला तो मारला गेला, १९१५ साली, वय २७. तुझ्या रसायनशास्त्राच्या पुस्तकातला आवर्तसारणीचा क्रम ज्याच्या कामावर उभा आहे तो हा मुलगा, त्याचं नाव विसरू नकोस.

प्रश्न (ठाणे) : मॅमोग्राफीला वेगळंच मशीन का लागतं? नेहमीच्या एक्स-रे मशीनवर का काढत नाहीत?

उत्तर : वरच्या उत्तराचाच हा उपयोग आहे. स्तनात हाड नाही, सगळंच मऊ, त्यामुळे जोरदार किरणं सगळ्यातून सारखीच आरपार जातील आणि गाठ वेगळी दिसणार नाही. तिथे कमी ऊर्जेची किरणं हवीत. म्हणून बऱ्याच मॅमोग्राफी मशीनमध्ये तबकडी टंगस्टनऐवजी मॉलिब्डेनमची असते, तिची टोकं १७.५ आणि १९.६ केईव्हीच्या आसपास येतात, नेमकी कामाची, आणि व्होल्टेजही ३० केव्हीच्या आगेमागे. दाबून धरतात ते दुखतं हे खरं आहे, पण जाडी कमी झाली की डोसही कमी लागतो आणि चित्रही स्पष्ट येतं, म्हणून ते टाळू नका.

प्रश्न (इचलकरंजी) : आमच्या घरी जुना डबा टीव्ही होता. आजोबा म्हणायचे जवळ बसू नका, त्यातून एक्स-रे येतात. खरं होतं का?

उत्तर : आजोबा अगदीच चुकत नव्हते. पिक्चर ट्यूबमध्ये पण निर्वात, तापलेलं कॅथोड म्हणजे ऋण टोक, त्यातून सुटलेले इलेक्ट्रॉन आणि रंगीत टीव्हीत २५,००० व्होल्टच्या आसपास ओढ, आणि ते समोर पडद्यावर थांबणार, म्हणजे एक्स-रे ट्यूबचा सगळा मसाला हजर. किरणं बनायचीच, फक्त इतक्या कमी ऊर्जेची की शिसं वगैरे घातलेल्या त्या जाड काचेत जिरून जायची. १९६७ मध्ये अमेरिकेत काही रंगीत टीव्ही संचांतून मर्यादेबाहेर एक्स-रे येतात असं सापडलं होतं आणि त्यानंतर नियम कडक झाले. आताच्या एलईडी टीव्हीत इलेक्ट्रॉनचा झोत नाही, त्यामुळे तो प्रश्नच मिटला.

मुळात एक्स-रे सापडले तेच असे. जर्मनीत वुर्झबर्गला विल्हेल्म राँटगेन अशाच कॅथोड किरणांच्या, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या झोताच्या ट्यूबवर काम करत होते, ८ नोव्हेंबर १८९५, ट्यूब काळ्या पुठ्ठ्याने पूर्ण झाकलेली, खोलीत अंधार, आणि तरी थोड्या अंतरावर ठेवलेला रसायन लावलेला पडदा चमकायला लागला. त्यांच्या ट्यूबमध्ये टंगस्टन वगैरे काही नव्हतं, इलेक्ट्रॉन समोरच्या काचेवरच आपटत होते. डिसेंबरमध्ये त्यांनी बायकोच्या हाताचा फोटो घेतला, बोटातल्या अंगठीसकट. पेटंट घेतलं नाही, हे मला फार मोठं वाटतं. तापलेल्या फिलामेंटची, भरवशाने चालणारी ट्यूब १९१३ मध्ये अमेरिकेत विल्यम कूलिज यांनी केली, आणि आजच्या सगळ्या ट्यूब तिचीच लेकरं.

प्रश्न (परभणी) : एक्स-रे काढताना अंगावर जो उजेडाचा चौकोन पडतो आणि त्यात फुली दिसते, तेच एक्स-रे का?

उत्तर : नाही, एक्स-रे डोळ्याला दिसत नाहीत. तो साधा दिवा आणि आरसा आहे, किरणं कुठे पडणार ती जागा आधी दिसावी म्हणून. तो चौकोन जितका लहान तितकं चांगलं. मनगटाच्या एक्स-रेला उजेड पोटापर्यंत पसरलेला दिसला तर 'थोडं लहान करता का' असं तुम्ही खुशाल म्हणू शकता.

प्रश्न (जालना, नवीन टेक्निशियन) : सर, सकाळी पहिल्या पेशंटच्या आधी सिनियर दोन-तीन रिकामे एक्स्पोजर द्यायला लावतात. गर्दी असली की वाटतं वेळ कशाला घालवायचा. खरंच गरज असते का?

उत्तर : असते, आणि हे मी एका ट्यूबची किंमत मोजून शिकलोय. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी, डिसेंबरची थंडी, सकाळी सकाळी एक जाड बांध्याचे गृहस्थ कंबर धरून आले, त्यांना फार दुखत होतं आणि मलाही त्यांना लवकर मोकळं करायचं होतं. मी थंड ट्यूबवर एकदम मोठं एक्स्पोजर दिलं. टण् असा आवाज झाला, तो मला आजही आठवतो. रात्रभर गार पडलेल्या तबकडीचा एक पट्टा एका क्षणात हजार अंशांच्या वर गेला आणि आतलं अंग तसंच थंड, ताण पडला आणि तबकडी तडकली. गरम तव्यावर गार पाणी पडलं की तडा जातो ना, त्याच्या उलट बाजूने तेच. नवीन ट्यूब यायला कित्येक आठवडे गेले, आणि तोवर पाय मोडलेली माणसं जीपमध्ये घालून पन्नास किलोमीटर पाठवावी लागत होती. त्या गृहस्थांना तर मी त्याच दिवशी त्याच दुखण्यात परत पाठवलं.

तेव्हा कंपनीच्या मॅन्युअलमध्ये वॉर्म-अपचे जे आकडे दिलेत तेच लाव, कमी एमएएसपासून (मिलिअँपिअर गुणिले सेकंद) सुरुवात आणि मध्ये थोडा थोडा दम. मधल्या सुट्टीत मशीन दोन-तीन तास पडून राहिलं तरी परत कर. कॉलिमेटर, म्हणजे उजेडाचा तो चौकोन लहान-मोठा करणारी झडप, पूर्ण बंद ठेव, दार लाव, खोलीत कुणी नाही हे स्वतः बघ, झाडूवाल्या मावशी कधी कधी पडद्यामागे असतात. अर्धं बटण दाबून उगाच धरून ठेवायची सवय लावू नको, तेवढा सगळा वेळ फिलामेंट पूर्ण तापलेलं असतं, त्याचा टंगस्टन उडून काचेवर बसतो आणि बेअरिंग झिजतं ते वेगळंच. पेशंटला नीट झोपव, पोझिशन लाव, श्वासाचं समजावून सांग, आणि मगच बटणाला हात लाव.